टेम्पो रिकामा का जातो? पुडीवाल्या कंपन्यांना एका किराणा दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
वेफर्स, खारा खाऊ, बिस्किटं, शाम्पू, वॉशिंग पावडर, कॉफी आणि मसाले पाच-दहा रुपयांच्या पुडीतून विकणाऱ्या सर्व कंपन्या
पत्ता : प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर, तुम्हीच छापलेला

स. न. वि. वि.

दर मंगळवारी अकराच्या सुमारास तुमचा टेम्पो माझ्या दुकानापुढे लागतो. मागचं दार उघडलं की छतापर्यंत खोकी. पाकिटं फुगवलेली, त्यामुळे खोकं दिसायला अवाढव्य आणि उचलायला फुलासारखं. तुमचा पोरगा एका वेळी तीन-तीन घेऊन आत येतो. बिल फाडतो, मागची बाकी मागतो, मी निम्मी देतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "एक्स्पायरी-डॅमेज काय आहे का, काका?" मी मुदत संपलेली चार-सहा पाकिटं बाजूला काढून ठेवलेली असतात. कधी तो सगळी नेतो. कधी म्हणतो, "माल टाकून द्या, नुसतं पाकीट द्या, क्लेमला तेवढंच लागतं." मग मी पाकीट फोडतो, आतला खाऊ बादलीत ओततो आणि रिकामं पाकीट त्याच्या हातात देतो. तो ते घडी घालून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवतो. नोट ठेवावी तसं.

तेच पाकीट एखाद्या पोरानं पाच रुपये मोजून घेतलं, खाल्लं आणि माझ्या पायरीवर टाकलं की त्याच्याकडे तुमचा पोरगा ढुंकून बघत नाही. बघायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

टेम्पो पुढच्या पेठेत जातो. संध्याकाळी डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनला परत येतो तेव्हा मागे दोन-चार डॅमेजची खोकी सोडली तर मोकळा असतो. मला या पत्रात तुम्हाला एवढंच विचारायचं आहे. भरून आलेला टेम्पो रिकामा का जातो?

मी कराडचा. दुकान वडिलांनी १९७४ साली टाकलं. त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत उजव्या बाजूला एक रकाना असे, वर लिहिलेलं असे "खाली". खाली म्हणजे रिकामं. रिकाम्या बाटल्या, रिकामे डबे, रिकामी पोती. कोल्ड्रिंकच्या क्रेटमध्ये २४ बाटल्या येत. परत जाताना २३ भरल्या तर चोविसाव्या बाटलीचे पैसे आमच्या डिपॉझिटातून जात. म्हणून बाटली हातात घेऊन एखादं पोरगं पायरी उतरायला लागलं की वडील गल्ल्यावरून ओरडत, "बाटली हितंच प्यायची रं!" सोडावॉटरचं तेच. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला तर आजही गिऱ्हाईक आहे, मोकळा डबा घ्यायला लोक पैसे देतात. मुंबईला मावशीकडे गेलो की सकाळी आरेच्या दूध केंद्रावर रिकाम्या बाटल्या घेऊन जायचं काम माझ्याकडे असे. रिकामी काचेची बाटली दिली की भरलेली मिळे. आणि घरच्या गॅसचं काय? रिकामी टाकी दारात ठेवल्याशिवाय भरलेली आत येत नाही. देशभर कोट्यवधी घरांत हे चालतं आणि त्यासाठी लोकांना कोणी स्वच्छतेचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

तेव्हा "लोकांना शिस्त नाही" हे कारण निदान माझ्यापुढे सांगू नका. जिथे रिकाम्याला किंमत ठेवलीत तिथे लोकांनी रिकामं परत दिलं.

तुमच्यातल्याच एकाची गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूत चिक शाम्पू बाजारात नवा होता. चिकचे मालक सी. के. रंगनाथन यांनी स्कीम काढली : कुठल्याही कंपनीच्या शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक भरलेली पुडी फुकट न्या. पुढे फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील असं केलं. विक्री कुठल्या कुठे गेली. धंद्याच्या दृष्टीनं अक्कलहुशारीचं काम, मी दुकानदार म्हणून मान डोलावतो. पण त्या स्कीममध्ये लपलेली गोष्ट बघा. खेड्यापाड्यांतून वापरलेल्या, ओल्या, बोटभर पुड्या दुकानदारांनी गोळा केल्या आणि वितरकांनी परत नेल्या. कोणी म्हणालं नाही की हे शक्य नाही, वाहतूक परवडत नाही, माल घाण आहे. कोल्ड्रिंकच्या बुचाखाली चित्रं छापून आम्हाला गावभर बुचं वेचायला लावलंत तेव्हाही सगळं शक्य होतं. विक्री वाढत असली की रिकामं परत येतं. नदी वाचत असली की ते अवघड होऊन बसतं.

आता कायद्याचं. दंडाची भीती माणसाला वाचायला लावते, तसा मी २०१८ साली वाचायला लागलो. त्या वर्षी २३ मार्चला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. कॅरीबॅग दिली तर पहिल्यांदा ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कैदेचं वाचून आमच्या घरात दोन दिवस चहा गोड लागला नाही. मुदत संपायच्या आत दुकानातल्या होत्या नव्हत्या त्या पिशव्या, चार-पाच किलो भरल्या असतील, मी स्वतः नेऊन जमा केल्या. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही. त्या पिशव्या गटारात अडकत होत्या हे खरं आहे, आणि त्यात माझ्या दुकानातल्याही होत्या.

पण परत आलो आणि दुकानात नजर टाकली. छताला तुमच्या पुड्यांच्या माळा. बरण्यांच्या मागे तुमची पाकिटं. दाराशी तुमचा लोखंडी स्टँड. अधिसूचना पुन्हा वाचली तेव्हा कळलं, कारखान्यातच भरून येणाऱ्या मालाच्या वेष्टनाला सूट आहे, त्यावर पुनर्वापराच्या सूचना छापल्या म्हणजे झालं. माझी पिशवी गुन्हा ठरली आणि तुमची पुडी माल राहिली.

हे राज्याचं झालं. दिल्लीत काय चाललं होतं? केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत एक कलम होतं : ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही असं अनेक थरांचं प्लास्टिक दोन वर्षांत हळूहळू बंद करायचं. म्हणजे तुमची वेफर्सची पाकिटं, तुमच्या शाम्पूच्या पुड्या. नियम निघाले १८ मार्च २०१६ ला. दोन वर्षं भरली मार्च २०१८ मध्ये. आणि २७ मार्च २०१८ ला, म्हणजे माझ्या पिशव्या बंद झाल्यावर चौथ्या दिवशी, त्या कलमात दुरुस्ती झाली. आता बंद करायचं ते फक्त असं प्लास्टिक, ज्याचा पुनर्वापर होत नाही, किंवा ज्यातून ऊर्जा मिळत नाही, किंवा ज्याचा दुसरा कसलाच उपयोग नाही. जळत नाही असं प्लास्टिक मी तरी अजून बघितलेलं नाही. भट्टीत टाकलं की ऊर्जा मिळालीच. कलम जागेवर राहिलं आणि त्याचे दात काढून घेतले.

त्या दोन तारखा मी गल्ल्याच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवल्या आहेत. २३ आणि २७.

पाकिटाचं पाकीटपण जरा जवळून बघू. बाहेर छपाईचा पातळ पापुद्रा, मध्ये चांदीसारखा ॲल्युमिनियमचा मुलामा, आत तापवून शिवण चिकटावी म्हणून आणखी एक प्लास्टिक. हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून ही रचना, आणि मालाच्या दृष्टीनं ती चांगलीच आहे. माझ्या दुकानात पावसाळ्यात सुटा चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो, तुमचा महिनोन् महिने कुरकुरीत. पण हे थर एकदा चिकटले की सुटत नाहीत, आणि प्रत्येकाचं वितळणं वेगळं. जुनं प्लास्टिक वितळवून नव्या वस्तूंसाठी जो दाणा पाडतात, तो यांना एकत्र वितळवून धड होत नाही. दाणा होत नाही म्हणून भंगारवाला घेत नाही.

शेजारी दुधाची पिशवी ठेवा. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची. आमच्या गल्लीतल्या बायका ती धुऊन, नळाला उलटी अडकवून वाळवतात आणि महिन्याकाठी भंगारवाल्याला देतात. राज्य सरकारनं २०१८ सालीच सांगितलं होतं की पिशवीवर परतीची किंमत छापा, ५० पैशांहून कमी नको. माझ्याकडून आजवर एकही पिशवी ५० पैशांनी परत गेलेली नाही, तरीही ती नाल्यात क्वचित दिसते, कारण भंगारात तिला किलोचा भाव आहे. नाल्यात दिसतो तो तिचा कापलेला कोपरा. कोपरा पूर्ण तोडू नका असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. तेवढं विषयांतर चालवून घ्या.

आमच्या भागात घंटागाडीबरोबर येणाऱ्या एक ताई आहेत. गाडी पुढे जाते, त्या मागे रेंगाळून पुठ्ठा, बाटल्या, पत्रा वेगळा करतात. मी त्यांना विचारलं, "ताई, ही चकचकीत पाकिटं का नाही घेत?" त्या हसल्या. "दादा, गोणीभर येचली तरी वजन भरत न्हाय. आन भरलं तरी घेतंय कोण?" मी त्या दिवशी तुमची पाच रुपयांची शंभर रिकामी पाकिटं माझ्या काट्यावर टाकली. दोनशे ग्रॅमच्या आसपास भरली. म्हणजे किलोला पाचशे. पाचशे वेळा वाकायचं तेव्हा एक किलो, आणि त्या किलोची किंमत शून्य. ताईंचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.

तुम्ही म्हणाल, कराड तर स्वच्छ आहे. आहेच. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांमध्ये आम्ही देशात पहिले आलो. सकाळी सहाला रस्त्यावर झाडू घेऊन उतरणाऱ्यांनी तो नंबर आणला, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण रस्ता स्वच्छ दिसतो म्हणजे पाकीट नाहीसं झालं असं नाही. कोणीतरी ते उचललं, गाडीत टाकलं, कचरा डेपोवर वेगळं केलं, दाबून गठ्ठा बांधला. उचलणाऱ्याचा पगार, गाडीचं डिझेल, डेपोची जागा, गठ्ठा बांधायचं मशीन, हे सगळं आमच्या घरपट्टीतून आणि सरकारी अनुदानातून. गाव जितकं स्वच्छ, तितकं तुमचं बिल आम्ही निमूट भरतो. घाणेरड्या गावात निदान तुमचं नाव तरी रस्त्यावर वाचता येतं.

आणि तो गठ्ठा कुठे जातो? बरेचदा सिमेंटच्या भट्टीत, कोळशाबरोबर जळायला. त्याला एक भारदस्त नाव आहे आणि कागदावर ती विल्हेवाट समजली जाते. नाल्यात जाण्यापेक्षा भट्टीत गेलेलं बरं, हे मला मान्य. पण पाच रुपयांचं पाकीट जाळण्यासाठी माझ्या गावानं आधी ते वेचावं, वाळवावं, बांधावं आणि मग ते "कंपनीनं जबाबदारी पार पाडली" या खात्यात जमा व्हावं, हा कुठला व्यापार?

हे खातं खरंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं विस्तारित उत्पादक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. शब्द लांबलचक, अर्थ सरळ : माल ज्यानं बाजारात आणला त्यानंच वापरानंतर उरलेल्याची सोय लावायची. कल्पना आपल्याकडची नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या टॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली ती मांडली. जर्मनीनं १९९१ साली वेष्टनांचा कायदा केला, त्यात गिऱ्हाइकाला वस्तूचं बाहेरचं खोकं दुकानातच सोडून जायची मुभा होती. दुकानदारांच्या काउंटरवर ढीग साचला की कंपन्यांकडे तगादा लागणारच, हे तिथल्या सरकारला बरोबर ठाऊक होतं. मला त्या जर्मन दुकानदारांबद्दल सहानुभूती वाटते आणि थोडा हेवाही.

आपल्या तत्त्वांत तुमच्या थरांच्या पाकिटांसाठी पुनर्चक्रीकरणाचं किमान लक्ष्य आहे : २०२४-२५ ला ३० टक्के, मग दरवर्षी दहानं वाढत २०२७-२८ पासून ६० टक्के. उरलेलं जाळा, रस्त्यात घाला, तेल काढा, चालतं. आणि हे लक्ष्य तुम्ही प्रमाणपत्रं विकत घेऊन पुरं करू शकता. माझ्या दारातलं पाकीट माझ्याच दारात राहतं, आणि कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात कोणीतरी तेवढ्याच वजनाचं प्लास्टिक वितळवलं असा कागद तुमच्या फाइलला लागतो. तोही कागद खरा असेल तर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत २०२३ साली सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. महाराष्ट्रातल्या कारखान्याचाही त्यात समावेश होता. जे प्लास्टिक कोणी वेचलंच नाही ते वितळवल्याचे दाखले!

आमच्या धंद्यात याला बोगस बिल म्हणतात. माल हलत नाही, फक्त कागद हलतो.

प्रमाणपत्रांची पद्धत मुळातच खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. पण ती वजनावर चालते, जागेवर नाही. टन मोजते, गटार मोजत नाही. मुंबईच्या कार्यालयात बसून टन जुळवता येतात. कृष्णेच्या काठी टन दिसत नाहीत, पाकिटं दिसतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला तेव्हाची गोष्ट. पाणी ओसरल्यावर आम्ही काही दुकानदार प्रीतिसंगमाच्या बाजूला साफसफाईला गेलो होतो. नदीकाठच्या बाभळींना पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंत प्लास्टिक लटकलेलं, जणू पुरानं झाडांवर आपली खूण मारून ठेवली. चिंध्या झालेल्या साड्या होत्या, पोती होती, आणि चिखलात चिकटलेली तुमची पाकिटं. एक मी बोटानं पुसलं. चिखल निघाला आणि खालून पिवळा रंग तसाच लखलखीत आला. किंमत छापलेली होती २ रुपये. ते पाकीट दोन रुपयांना मिळायचं बंद होऊन कैक वर्षं झाली होती. आतला माल खाणारं पोरगं एव्हाना नोकरीला लागलं असेल. पाकिटावरच्या कोपऱ्यात तो छोटा माणूस होता, कचरा डब्यात टाकणारा. तो पूर बघून आला, पण हातातला कचरा त्यानं सोडला नव्हता.

त्या छोट्या माणसाबद्दल माझी तक्रार आहे. प्रत्येक पाकिटावर त्याला छापून तुम्ही सगळं ओझं खाणाऱ्यावर टाकलंत. डब्यात टाक म्हणता, डबा कोणाचा? तो भरल्यावर रिकामा कोण करतो? त्याचं चित्र छापायला जागा आहे, तर त्याच्या शेजारी "रिकामं परत द्या, इतके पैसे घ्या" छापायलाही आहे.

माझे हातही काही धुतलेले नाहीत. पाच रुपयांच्या पुडीमागे मला चाळीस-पन्नास पैसे सुटतात, आणि शाळा सुटल्यावर अर्ध्या तासात गल्ल्यात जेवढे पैसे येतात तेवढे कधी कधी सकाळभरात येत नाहीत. माळा काढून टाकल्या तर पोरं समोरच्या दुकानात जातील. गरिबाला महिन्याची बाटली परवडत नाही म्हणून पुडी असते, हेही मी रोज बघतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा बायका एक पुडी शाम्पू, एक पुडी साबणचुरा, एक पुडी चहा घेऊन जातात. त्यांना मी काय सांगू, पर्यावरणासाठी लिटरची बाटली घ्या? पुडी बंद करा असं मी म्हणतच नाही. पुडी परत न्या, असं म्हणतो.

आणि गरिबाचं नाव पुढे करताना एक लक्षात घ्या. किंमत पाचची पाच ठेवून आतले ग्रॅम तुम्ही दर एक-दोन वर्षांनी कमी करत आलात. पाकीट मात्र तेवढंच. पूर्वीइतका माल खायला आता जास्त पाकिटं फोडावी लागतात. वेष्टन वाढवायचा निर्णय गिऱ्हाइकानं घेतलेला नाही, माझ्यासारख्या दुकानदारानं तर नाहीच.

गेले दीड महिना मी एक प्रयोग करतोय. तुमचंच रिकामं खोकं दाराशी ठेवलं आणि खडूनं पाटी लिहिली : दहा रिकामी पाकिटं, एक गोळी. कुठल्याही कंपनीचं चालेल. पहिल्या दिवशी सात-आठ पोरं आली, तिसऱ्या दिवशी रांग. दोघं भाऊ तर शाळेचं मैदान झाडून गोणी घेऊन आले. चौथ्या दिवशी एक चिमुरडी गोळीचा कागद घेऊन आली. म्हणाली, "काका, ह्योबी धरा की." गोळीलाही प्लास्टिकचं वेष्टन असतं हे तीस वर्षं गोळ्या विकून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून गोळी बंद केली. आता दहा पाकिटांना मूठभर फुटाणे, हाताच्या ओंजळीत. ओंजळ परत घ्यायची भानगड नाही.

या दीड महिन्यात तीन खोकी गच्च भरली. ९ किलो २०० ग्रॅम. माझ्या हिशेबानं साडेचार हजारांच्या वर पाकिटं, एका दुकानाच्या दारात, कसलीही जाहिरात न करता. समोरच्या शाळेच्या शिपाईमामांनी येऊन सांगितलं, मैदान झाडायला आता निम्मा वेळ लागतो.

आता व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याशी बोलावं तसं बोलतो. पाकिटामागे दहा पैसे ठेवा. पाच रुपयांत दहा पैसे म्हणजे शेकडा दोन, एवढी तर तुम्ही बिलावर सूट देता. किलोला पाचशे पाकिटं, म्हणजे किलोला पन्नास रुपये. ज्या दिवशी या पाकिटांना किलोला पन्नास रुपये भाव लागेल त्या दिवशी ताई ती सोडणार नाहीत, आणि गावात एकही दिसणार नाही. पुडी पोरानं दुकानात आणली तर दुकानदारामार्फत, ताईंनी वेचली तर डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनवर, काट्यावर वजन करून पैसे रोख. मला कमिशन द्या किंवा देऊ नका, क्रेडिट नोट, म्हणजे पुढच्या बिलातून रक्कम वजा करायची चिठ्ठी, मात्र द्या, म्हणजे हिशेबात येईल. गोडाउनवरून कुठे न्यायचं ते तुम्ही बघा. कारखाना, तुमचा मालाचा डेपो, गोडाउन ही साखळी तुमची आहे, उलटी फिरवायला नवे रस्ते बांधायचे नाहीत. आणि परत आलेल्या पाकिटांचं काय करायचं हे डोकं तुम्हाला स्वतःला लावावं लागलं की थरांऐवजी एका जातीच्या प्लास्टिकचं पाकीट तुमचे इंजिनिअर लवकर शोधतील. आज त्यांनी का शोधावं? बिल तर घरपट्टीतून जातंय.

हे कुठे झालंय का, विचाराल. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेतात आणि रिकामी आणली की परत देतात. न्यायालयानं लावून धरलं म्हणून सुरू झालं, आणि जंगलात फुटणाऱ्या बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या. आपल्या शेजारी गोव्यानं २०२४ साली डिपॉझिट परतीची योजना अधिसूचित केली, तिच्या कक्षेत पाकिटंही येतात. त्या योजनेला विरोध करणाऱ्यांत तुमच्यापैकी कोण आहे आणि ती चालावी म्हणून झटणाऱ्यांत कोण, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आणखी एक आठवण करून देतो. २०१३ साली पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. उघड्या हातांनी ते रोज वेगळे करावे लागत म्हणून. त्यानंतर २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं की असे पॅड विकणाऱ्यांनी ते गुंडाळून टाकायला सोबत पाकीट द्यावं. म्हणजे परत पाठवलेला कचरा कोणीतरी उघडून बघतो.

माझ्याकडे तर पोस्टाचा खर्चही नाही. टेम्पो दारातच येतो.

गेल्या मंगळवारी तुमच्या पोराला मी तीन खोकी दाखवली. तो बिचारा गडबडला. "काका, साहेब ओरडतील. खाली घ्यायची ऑर्डर नाय." त्याचा काय दोष? बारा-तेरा हजारांवर राबणारं पोरगं, त्याला मी अडवणार नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, त्याच्या साहेबांच्या साहेबांना. त्याला फक्त ऑर्डर द्या. मागची बाजू तशीही मोकळीच असते, आणि खोकी तुमचीच आहेत, तुमचंच नाव छापलेली.

वडिलांची ती जुनी वही मी माळ्यावरून काढली आहे. उजव्या बाजूचा रकाना बरीच वर्षं कोरा होता. आज त्यात पहिली ओळ लिहिली :

खाली परत. वेफर्स व इतर, मिश्र. खोकी ३. वजन ९ किलो २०० ग्रॅम. पोच मिळणे बाकी.

कळावे,
एक किराणा दुकानदार
कराड, जि. सातारा